गस्ट, फ्लॉ आणि वाऱ्याचा डोळा

सरासरी लोड चाळीस टक्के, तरी सर्व्हर आडवा. असं का? तर सरासरीने सर्व्हर पडत नाही, तो पडतो दोन मिनिटांच्या उसळीने. आमच्या धंद्यात हे प्रत्येकाला एकदा तरी ठेच लागूनच कळतं. वाऱ्याचंही नेमकं तसंच असतं. म्हणून या शनिवारी इंग्रजीतले वाऱ्याचे जुने शब्द चाळत बसलो होतो.

पहिला अर्थातच 'गस्ट'. वाऱ्याचा अचानक आलेला झोत. हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हेच, तो उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतला 'गुस्टर'. त्याच्या मुळाशी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ उसळणे, उफाळून येणे. आइसलंडमधल्या उकळत्या पाण्याच्या कारंज्याचं नाव 'गेसिर', ज्यावरून 'गीझर' आला, तोही याच कुळातला. म्हणजे आपल्या बाथरूममधला गीझर आणि समुद्रावरचा गस्ट हे चुलतभाऊ! गंमत म्हणजे लेखी इंग्रजीत हा शब्द दिसतो तो थेट सोळाव्या शतकाच्या शेवटी, शेक्सपिअरच्या काळात. त्याआधी तो बहुधा खलाशांच्या आणि खेड्यापाड्यांतल्या तोंडीच असावा.

मग त्याआधी इंग्रज काय म्हणायचे? झोताला 'ब्लॅस्ट', वादळाला 'यूस्ट', वावटळीला 'थोडेन'. शेवटचे दोन मेले, पहिला टिकला. आज 'ब्लास्ट' म्हटलं की आपल्याला स्फोट आठवतो, पण तो अर्थ फार नंतरचा. मूळ अर्थ नुसती जोरदार फुंकर.

'विंडो'सुद्धा नॉर्सच. 'विंड-औगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा. आणि आपल्याकडे? 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट आणि 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळा! खिडकीला डोळा म्हणणं हा योगायोग असेल, पण 'वात' आणि 'विंड' मात्र खरोखरच एका मुळाचे आहेत.

आता माझा आवडता शब्द, 'फ्लॉ'. याचाही जुना अर्थ अचानक आलेला झोत. शेक्सपिअरने 'हॅम्लेट'मध्ये तो याच अर्थाने वापरलाय. डच भाषेतला 'व्लाख' हा त्याचा भाऊबंद अजून रोजच्या वापरात आहे. दोष किंवा खोट या अर्थाचा 'फ्लॉ' मात्र वेगळा.

हे दोन्ही फ्लॉ एका रात्री एकत्र आले. स्कॉटलंडमधल्या टे नदीवरचा तीन किलोमीटरहून लांब रेल्वेपूल १८७८ साली सुरू झाला. २८ डिसेंबर १८७९ च्या संध्याकाळी वादळात त्याचा मधला उंच भाग कोसळला, आणि त्यावरून चाललेली गाडी नदीत गेली. गाडीतलं कोणीही वाचलं नाही. चौकशीत निघालं की लोखंडी खांबांचं ओतकाम सदोष होतं आणि थॉमस बाउच या अभियंत्याने वाऱ्याच्या दाबासाठी वेगळी अशी काही तरतूदच केली नव्हती. पुढच्याच वर्षी बाउच वारला.

तेव्हाचं वारा मोजायचं यंत्र म्हणजे १८४६ साली रॉबिन्सनने बनवलेले फिरते पेले. ते वाऱ्याने किती अंतर कापलं ते सांगायचे, पण झोत मात्र सरासरीत विरून जायचा. या अपघातानंतर विल्यम डाइन्स नावाचा माणूस वाऱ्याच्या मागे लागला आणि १८९० च्या दशकात त्याने झोताची नोंद ठेवणारं दाबनळीचं यंत्र तयार केलं. आज वाऱ्याचा वेग दहा मिनिटांच्या सरासरीने देतात, आणि गस्ट मात्र तीन सेकंदांच्या. आपल्या हवामान खात्याच्या मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यातही दोन आकडे असतात: वारा ताशी इतका, झोत तितका.

होडी उलटते ती दुसऱ्या आकड्याने. खलाशांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी झोतासाठी वेगळा शब्द जपून ठेवला. इंजिनिअर लोकांना तो आकड्यात मांडायला एक पूल पडावा लागला.

असो. सोमवारी ऑफिसात गेल्यावर पहिलं काम म्हणजे आलेखात सरासरीशेजारी कमाल आकड्याची रेघ टाकायची.