‘शून्य सरकार’ : तैवानमधील नागरिकांचे संगणकीय श्रमदान

सरकारी कारभाराची माहिती नागरिकांसाठी खुली असावी, हे तत्त्व आता बहुतेक लोकशाही देशांनी मान्य केले आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये त्यासाठी कायदा केला. परंतु माहिती मिळणे आणि ती समजणे या दोन गोष्टींत मोठे अंतर असते. हजार पानांचा अर्थसंकल्प संकेतस्थळावर ठेवला, तरी तो वाचणार कोण? निवडणूक खर्चाचे हिशेब कार्यालयात ‘पाहण्यासाठी उपलब्ध’ असले, तरी त्यांची बेरीज कोण करणार? हे अंतर कमी करण्यासाठी सामाजिक कार्यकर्ते आणि संगणकतज्ज्ञ यांनी ठरावीक दिवशी एकत्र बसून काम करावे, अशी पद्धत गेल्या दोन दशकांत अनेक देशांत रुजली. तिचे दीर्घकाळ टिकलेले आणि बरेच अभ्यासले गेलेले एक उदाहरण तैवानमध्ये आहे. ‘गव्ह-झीरो’ हे त्याचे नाव.

एका जाहिरातीचे निमित्त

तैवानची लोकसंख्या सुमारे २ कोटी ३० लाख. १९४९ पासून १९८७ पर्यंत तेथे लष्करी कायदा होता आणि राष्ट्राध्यक्षाची पहिली थेट निवडणूक १९९६ मध्ये झाली. म्हणजे २०१२ मध्ये तिशीत असलेल्या तैवानी तरुणांचे बालपण लष्करी कायद्याच्या काळात सुरू झाले होते आणि त्यांनी लोकशाही आपल्या डोळ्यांसमोर घडताना पाहिली होती. त्या वर्षी सरकारने आपल्या आर्थिक योजनेची एक छोटी जाहिरात प्रसारित केली. योजना गुंतागुंतीची आहे, ती थोडक्यात समजावून सांगणे अवघड आहे, तेव्हा चर्चेपेक्षा काम महत्त्वाचे, असा तिचा सूर होता. नागरिकांना हे समजणार नाही, हे सरकारने जणू परस्पर ठरवूनच टाकले होते.

काओ च्या-लियांग हा संगणकतज्ज्ञ आणि त्याचे काही मित्र त्या सुमारास ‘याहू’ कंपनीने भरवलेल्या एका स्पर्धेत भाग घेणार होते. जाहिरात पाहून त्यांनी आपला ठरलेला प्रकल्प बाजूला ठेवला आणि सरकारचा अर्थसंकल्प चित्ररूपाने मांडायचे ठरवले. ज्या खात्याचा खर्च मोठा त्याचे वर्तुळ मोठे, अशी ती मांडणी होती. आकड्यांच्या रांगा वाचण्याची सवय नसलेल्यालाही पैसा कोठे जातो हे एका दृष्टिक्षेपात दिसू लागले. या प्रकल्पाला मिळालेल्या बक्षिसाच्या रकमेतून त्यांनी डिसेंबर २०१२ मध्ये पहिले शिबिर भरवले. संगणकतज्ज्ञांच्या प्रथेप्रमाणे मोजणी शून्यापासून सुरू झाली, म्हणून ते ‘शून्यावे’ शिबिर ठरले. त्याचे नावही खोडसाळ होते. तैवानमध्ये १९९१ पर्यंत लागू असलेल्या आणीबाणीच्या तरतुदींमध्ये ‘बंड मोडून काढण्यासाठी लोकसंघटन’ असा शब्दप्रयोग होता. तोच त्यांनी आपल्या शिबिराला जोडला.

समूहाच्या नावामागेही अशीच युक्ती आहे. सरकारी संकेतस्थळांच्या पत्त्यात ‘जी-ओ-व्ही’ ही अक्षरे असतात. त्यातील ‘ओ’ या अक्षराच्या जागी शून्य हा आकडा घालायचा, की नागरिकांनी तयार केलेल्या पर्यायी संकेतस्थळाचा पत्ता तयार. सरकारी पानावर जी माहिती क्लिष्ट स्वरूपात असते, ती या शून्याच्या पत्त्यावर सुबोध स्वरूपात मिळावी, ही कल्पना. नागरिकांची ही पाने मुक्त परवान्याखाली असतात. त्यामुळे सरकारला ती आवडली, तर ती जशीच्या तशी उचलण्याची मुभा असते.

शिबिर चालते कसे?

या शिबिरांना ‘हॅकेथॉन’ म्हणतात. येथे ‘हॅकर’ म्हणजे संगणकावर दरोडा घालणारा नव्हे. वस्तू उघडून, तिची रचना समजून घेऊन ती आपल्या गरजेनुसार बदलणारा, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ येथे अभिप्रेत आहे. साधारणपणे दर दोन महिन्यांनी एक मोठे शिबिर होते. तैपेईतील ‘अकादेमिया सिनिका’ या संशोधन संस्थेत ही शिबिरे अनेकदा भरली आहेत. सकाळी ज्याला काही सुचवायचे असेल, तो व्यासपीठावर येऊन काही मिनिटांत आपली कल्पना मांडतो. ज्यांना ती पटते ते त्याच्या टेबलाभोवती जमतात. संध्याकाळी प्रत्येक गट दिवसभरात काय झाले ते सांगतो. काम अपुरे राहिले तरी ते सर्वांसमोर मांडले जाते, कारण पुढच्या वेळी दुसरा कोणी ते पुढे नेऊ शकतो. या मंडळींच्या बोलीत नवा प्रकल्प सुरू करणे म्हणजे ‘खड्डा खणणे’ आणि त्यात सामील होणे म्हणजे ‘खड्ड्यात उडी मारणे’.

आपण काय जाणतो हे दाखवणाऱ्या चिकट्या उपस्थितांच्या अंगावर असतात. त्यांत आज्ञावली लिहिणारे असतात, तसेच चित्रकार, लेखक, वकील, शिक्षक आणि निरनिराळ्या चळवळींतील कार्यकर्तेही असतात. अर्थसंकल्पातील एखादी तरतूद संशयास्पद आहे, हे संगणकाला कळत नाही. ते त्या क्षेत्रात वर्षानुवर्षे काम केलेल्या कार्यकर्त्यालाच कळते. उलट, त्या कार्यकर्त्याने महिनाभर हाताने केलेली बेरीज संगणकतज्ज्ञ काही मिनिटांत करून देतो. समूहाला अध्यक्ष नाही आणि त्याच्या नावाने बोलण्याचा कोणा एकाला अधिकारही नाही. शिबिरांची व्यवस्था पाहणारा स्वयंसेवकांचा एक गट तेवढा आहे. त्यांचे एक सूत्र प्रसिद्ध आहे : ‘हे काम कोणीच का करत नाही, असे विचारू नका, तो कोणीच नसलेला माणूस म्हणजे तुम्हीच आहात, हे आधी मान्य करा.’

शब्दकोशापासून हिशेबापर्यंत

सुरुवातीच्या शिबिरांतून निघालेला एक प्रकल्प शब्दकोशाचा होता. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाचा सुमारे १ लाख ६० हजार नोंदींचा चिनी शब्दकोश संकेतस्थळावर होता, परंतु तो वापरण्यास अडचणीचा होता. २०१३ मध्ये ऑड्री टँग आणि इतर स्वयंसेवकांनी त्यातील नोंदी काढून त्यांना नवे, सुटसुटीत रूप दिले. पुढे त्यात होक्लो, हक्का आणि आमिस या आदिवासी भाषेचे कोशही आले. शाळेतील मुलाला आपल्या आजीच्या भाषेतील शब्द मोबाईलवर सापडू लागला.

दुसरा प्रकल्प अधिक धारदार होता. तैवानमध्ये २००४ च्या कायद्यानुसार उमेदवारांना राजकीय देणग्यांचा हिशेब ‘कंट्रोल युआन’ या घटनात्मक देखरेख संस्थेकडे द्यावा लागतो. तो नागरिकांना पाहता येई, पण तेथे जाऊन आणि कागदावरच. २०१४ मध्ये स्वयंसेवकांनी या हिशेबांच्या छापील प्रती मिळवल्या आणि त्यांची छायाचित्रे संगणकावर घेतली. आज्ञावलीने प्रत्येक तक्त्याच्या लहान लहान चौकटी पाडल्या. मग लोकांना आवाहन करण्यात आले : समोर दिसेल त्या एका चौकटीतील अक्षरे किंवा आकडा टंकलिखित करा. तीच चौकट एकाहून अधिक लोकांना दाखवून उत्तरे ताडून पाहिली गेली. तीन लाखांहून अधिक चौकटी सुमारे २४ तासांत भरल्या गेल्या. कोणत्या उद्योगसमूहाने कोणत्या उमेदवाराला किती पैसे दिले, हे प्रथमच शोधता येण्याजोग्या स्वरूपात आले. या माहितीच्या अचूकतेबद्दल अधिकाऱ्यांनी शंका घेतली. तिला सोपे उत्तर होते : मग अचूक माहिती तुम्हीच प्रसिद्ध करा. २०१८ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि हे हिशेब संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे हे सरकारचे काम ठरले.

सभागृहातील चोवीस दिवस

मार्च २०१४ मध्ये चीनबरोबरच्या सेवाव्यापार कराराचा प्रश्न पेटला. कराराची कलमवार चर्चा होईल, असे आश्वासन होते. १७ मार्च रोजी समितीच्या बैठकीत अवघ्या ३० सेकंदांत छाननी झाल्याचे जाहीर करण्यात आले. दुसऱ्या दिवशी रात्री विद्यार्थी विधिमंडळाच्या सभागृहात शिरले आणि १० एप्रिलपर्यंत तेथेच राहिले. हेच ‘सूर्यफूल आंदोलन’. गव्ह-झीरोच्या स्वयंसेवकांनी आत आणि बाहेर इंटरनेटची जोडणी उभारली, सभागृहातील थेट चित्रण आणि चर्चांचे शब्दांकन एकाच पानावर आणले. आपल्या व्यवसायाचे नाव घातले की करारातील कोणती तरतूद आपल्याला लागू होते हे सांगणारे पानही तयार झाले. आत प्रत्यक्ष काय चालले आहे हे लाखो लोकांना दिसत असल्याने अफवांना फारसा वाव उरला नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस मंत्रिमंडळातील सदस्य जॅकलिन त्साय स्वतः एका शिबिरात आल्या. नव्या कायद्यांवर लोकांशी चर्चा करण्याचे साधन तयार करा, अशी त्यांची विनंती होती. त्यातून ‘व्ही-तैवान’ हा उपक्रम निघाला. २०१५ मध्ये ‘उबर’ टॅक्सीचा वाद त्यात घेण्यात आला. त्यासाठी वापरलेल्या ‘पोलिस’ या मुक्त आज्ञावलीत दुसऱ्याच्या विधानाला उत्तर देण्याची सोय नसते. केवळ सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ एवढेच सांगता येते. भांडणाला जागा न राहिल्याने प्रवाशांची सुरक्षा, विमा आणि परवाना यांबाबत दोन्ही बाजूंना मान्य असलेली विधाने वर आली आणि २०१६ च्या नियमांत त्यांचे प्रतिबिंब उमटले. त्याच वर्षी ऑड्री टँग मंत्रिमंडळात आल्या. पुढे २०२२ ते २०२४ या काळात त्या नव्या डिजिटल मंत्रालयाच्या पहिल्या मंत्री होत्या.

मुखपट्ट्यांचा नकाशा आणि त्याची मर्यादा

या सवयीची परीक्षा २०२० च्या फेब्रुवारीत झाली. करोनाच्या भीतीने मुखपट्ट्यांचा तुटवडा पडला. एका अभियंत्याने कोणत्या दुकानात त्या शिल्लक आहेत हे लोकांनी स्वतःच नोंदवावे असा नकाशा केला आणि त्यावर लोकांची झुंबड उडाली. सरकारने आरोग्य विमा कार्डावर मुखपट्ट्यांचे वाटप सुरू केले, तेव्हा सहा हजारांहून अधिक औषध दुकानांतील साठ्याची माहिती ठरावीक वेळाने खुली करण्यात आली. थोड्याच दिवसांत तिच्यावर आधारित शंभराहून अधिक नकाशे आणि साधने तयार झाली. त्यांत दृष्टिहीनांसाठी आवाजावर चालणारी साधनेही होती.

परंतु अडचणीही लगेच दिसल्या. काही औषध विक्रेते सकाळीच क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटून मोकळे होत. नकाशावर साठा दिसे आणि ग्राहक दुकानात आला की त्याला रिकाम्या हाताने परतावे लागे. रोष विक्रेत्याच्या वाट्याला येई. तक्रारी ऐकून व्यवस्थेत दुरुस्त्या कराव्या लागल्या. माहिती जेथे जन्माला येते त्या काउंटरमागच्या माणसाला विचारल्याशिवाय नकाशा पूर्ण होत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

याहून मोठ्या मर्यादाही आहेत. व्ही-तैवानमधील निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नव्हते. काही विषय पुढे सरकले, काही तसेच राहिले आणि सरकारचा उत्साह ओसरला तशी सहभागाचीही ओहोटी लागली. शिबिरात येणारा माणूस बहुधा शिकलेला, शहरी आणि सुटीच्या दिवशी मोकळा वेळ असलेला असतो. ज्याला रविवारीही कामावर जावे लागते, त्याचा प्रश्न तेथे दुसऱ्यानेच मांडावा लागतो. अनेक खड्डे खणले जातात आणि उडी मारायला कोणी न आल्याने तसेच राहतात. सर्वांत मोठा धोका असा, की सरकारने करायचे काम स्वयंसेवक फुकट करून देत राहतात आणि सरकार निश्चिंत होते.

आपल्याकडचा धागा

महाराष्ट्राला या कल्पनेचे मूळ परके वाटू नये. गावाने एकत्र येऊन श्रमदानाने बंधारा बांधावा, ही आपल्याकडची जुनी रीत. माहितीच्या क्षेत्रातही असे प्रयत्न झाले आहेत. मुंबईत ‘प्रजा फाउंडेशन’ माहितीच्या अधिकारात मिळालेल्या आकड्यांवरून लोकप्रतिनिधींचे प्रगतिपुस्तक काढते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर उमेदवारांना संपत्ती व गुन्ह्यांची प्रतिज्ञापत्रे द्यावी लागली. ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ या संस्थेने ती कागदावरून शोधता येण्याजोग्या तक्त्यांत आणली. बंगळुरूत २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘डेटामीट’ या समूहाच्या बैठका पुण्या-मुंबईतही भरल्या.

तैवानच्या अनुभवातून आपण नेमके काय घ्यावे? देणग्यांच्या हिशेबाचा प्रकल्प यशस्वी ठरला तो तीन लाख चौकटी भरल्या म्हणून नव्हे. त्या पुन्हा कधी नागरिकांना भराव्या लागू नयेत असा कायदा चार वर्षांनी झाला, म्हणून तो यशस्वी ठरला. आपल्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये अभिलेखांचे संगणकीकरण करावे आणि माहिती न मागता स्वतःहून प्रसिद्ध करावी, हे कर्तव्य सरकारी कार्यालयांवर २००५ पासूनच आहे. तैवानी तरुणांना जे कायद्यात आणावे लागले, त्याचा मोठा भाग आपल्या कायद्यात आधीच लिहिलेला आहे. आपल्या शहरांतील कार्यकर्ते आणि संगणकतज्ज्ञ एखाद्या रविवारी एकत्र बसले, तर प्रभागाच्या अर्थसंकल्पाचे एक सुबोध पान दिवसभरात तयार होऊ शकते. ते पान पुढच्या वर्षी महापालिकेने स्वतः प्रसिद्ध करावे, यासाठी मात्र सोमवारी अर्ज घेऊन कार्यालयाची पायरी चढावी लागेल.