खसखस (अफू) पेरणी: वेळ, पद्धत, कायदा आणि खानदेशासाठी पर्यायी पीक

ऑक्टोबर उजाडला, की शिंदखेडा, शिरपूर, चोपडा भागातून एक प्रश्न हमखास येतो: "खसखशीला किलोला एवढा भाव आहे, पीक तर कमी पाण्याचे, मग आपल्याकडे का पेरू नये?" मध्य प्रदेशची हद्द जवळ आहे. मंदसौर-नीमचकडची शेते पाहून आलेले लोकही गावोगाव आहेत. त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. उत्तर मात्र आधीच स्पष्ट सांगतो: महाराष्ट्रात खसखस, म्हणजेच अफूचे झाड, पेरणे हा गुन्हा आहे. एक एकर असो, कांद्याच्या वाफ्यातली एक ओळ असो की परसातली चार झाडे असोत.

हे पीक कुठे, कधी आणि कसे पेरतात, आपल्याकडे ते का पेरता येत नाही आणि त्याच हंगामात, त्याच पद्धतीने कोणते बारीक बियांचे पीक घेता येईल, याची माहिती पुढे दिली आहे.

खसखस आणि अफू ही एकाच झाडाची

पापावर सोम्निफेरम या एकाच झाडाच्या बोंडातून कच्चेपणी अफूचा चीक निघतो आणि बोंड वाळल्यावर आत खसखस मिळते. "फक्त खसखशीची, अफू न येणारी जात" म्हणून कोणी बियाणे देत असेल, तर त्याने कायद्याच्या दृष्टीने काहीही बदलत नाही. कायदा झाडाची जात पाहतो, तुमचा हेतू नव्हे.

किराणा दुकानातली खसखस विकणे, विकत घेणे आणि खाणे कायदेशीर आहे. बोंड आणि देठ यांवर बंदी आहे, बी त्यातून वगळले आहे. देशात लागणाऱ्या खसखशीचा मोठा वाटा तुर्कस्तानसारख्या देशांतून आयात होतो. पण तेच बी जमिनीत टाकले, की ती अफूची लागवड ठरते.

पेरणी कुठे, कधी, कशी

हे थंडीचे पीक आहे. रोपावस्थेत हलके दव-धुके सोसते, पण बोंड भरताना ऊन तापले की बी बारीक राहते. म्हणून प्रत्येक प्रदेशात पेरणीची वेळ एकाच हिशेबाने ठरते: उगवण आणि वाढ थंडीत, पक्वता कोरड्या उबदार दिवसांत.

- समशीतोष्ण देश: चेक प्रजासत्ताकात बर्फ वितळून जमीन वापशावर आली, की मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीला पेरणी होते. तुर्कस्तानात शरद आणि वसंत अशा दोन्ही पेरण्या होतात.
- भारत: परवानाप्राप्त भागात ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर मध्यापर्यंत पेरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक तयार होते.

बी अतिशय बारीक असते. एका ग्रॅममध्ये दोन हजारांहून अधिक दाणे भरतात. त्यामुळे जमीन भुसभुशीत आणि सपाट लागते. बी वाळूत मिसळून जेमतेम मातीआड करतात, वर हलके पाणी देतात आणि तीन-चार आठवड्यांनी विरळणी करतात. बी खोल पडले किंवा जमिनीवर पापुद्रा धरला, की उगवण मार खाते. हे तंत्र अवघड नाही. आपल्या भागातली नोव्हेंबर-जानेवारीची थंडीही या पिकाला चालण्यासारखी आहे. अडचण हवामानाची नाही, कायद्याची आहे.

कायदा काय सांगतो

अमली पदार्थ (एनडीपीएस) कायदा, १९८५ च्या कलम ८ प्रमाणे परवान्याशिवाय अफूच्या झाडाची लागवड करता येत नाही. परवाना केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो देते. तिचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांतील केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या भागांतच तो मिळतो. तिथेही दरवर्षी नवे धोरण जाहीर होते, क्षेत्र आरमध्ये मोजून दिले जाते आणि माल सरकारलाच द्यावा लागतो. ठरलेले उत्पादन न दिल्यास पुढच्या वर्षी परवाना जाऊ शकतो.

महाराष्ट्रातील कोणताही भाग या यादीत नाही. म्हणून तालुका कृषी अधिकारी, तहसीलदार, जिल्हाधिकारी किंवा ग्रामपंचायत यांपैकी कोणीही तुम्हाला ही परवानगी देऊ शकत नाही. "परवाना काढून देतो" म्हणणारा माणूस फसवत आहे, हे नक्की समजा.

शिक्षा (कलम १८), प्रमाणानुसार:

- लहान प्रमाण: १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- व्यापारी प्रमाण: १० ते २० वर्षे सक्तमजुरी आणि १ ते २ लाख रुपये दंड.
- इतर प्रकरणे: १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड.

शेत बटाईने दिले असेल तर

आपल्याकडे बरीच शेती बटाईने किंवा सालदाराच्या हाती असते. मालक गावात नाही, सुरतला किंवा नाशिकला आहे, असेही असते. अशा वेळी कलम ४६ लक्षात ठेवा: आपल्या जमिनीत अफूची किंवा गांजाची बेकायदा लागवड असल्याचे कळताच पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्याला तत्काळ कळवणे ही जमीनधारकाची जबाबदारी आहे. माहीत असून गप्प बसल्यास तोही शिक्षेस पात्र ठरतो.

म्हणून:

१. बटाईचा करार तोंडी ठेवू नका. कोणते पीक घ्यायचे, ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.
२. ई-पीक पाहणी वेळेवर करा. सातबाऱ्यावर कांदा आणि शेतात भलतेच, अशी तफावत राहू देऊ नका.
३. रब्बीत किमान दोन वेळा स्वतः शेतात फिरा. बांधावरून नव्हे, पिकाच्या आतून. कांदा, लसूण किंवा मक्याच्या आड अशी झाडे लपवली जाऊ शकतात.
४. फुकट बियाणे, आगाऊ रोख रक्कम आणि "माल आम्हीच उचलू" हे तिन्ही एकत्र आले, की व्यवहार तिथेच थांबवा. धाड पडेल तेव्हा बियाणे देणारा कदाचित सापडणार नाही. सातबारा मात्र तुमच्या नावाचा असतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कलम ४७ प्रमाणे सरकारी अधिकारी, सरपंच, पंच आणि गावपातळीवरील इतर अधिकारी यांनाही अशी लागवड लक्षात येताच कळवणे बंधनकारक आहे. कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील सगळे यात येतात. ओळख अशी पटवावी:

- पाने राखट हिरवी, मेणचट, कडा दातेरी. वरची पाने देठाविना खोडाला मिठी मारून बसलेली.
- कळी आधी खाली वाकलेली, उमलताना सरळ होणारी.
- फूल चार पाकळ्यांचे. पांढरे, गुलाबी किंवा जांभळट.
- बोंड गोल, डोक्यावर मुकुटासारखी चकती. झाड मोडल्यास पांढरा चीक.

पडीक रानात, नाल्याकाठी दिसणारा पिवळा धोत्रा याच कुळातला आहे, पण ते झाड वेगळे. पाने काटेरी, फूल पिवळे, चीकही पिवळा. त्यावर कायद्याची बंदी नाही. मात्र त्याचे बी मोहरीत मिसळले गेल्यास तेल विषारी होते आणि अंगावर सूज येणारा जलशोफ होतो. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने अनेकांचा बळी गेला. खळ्यात मोहरी असेल तर हे तण काढूनच मळणी करा.

बागेत फुलांसाठी पॉपी लावता येते का?

शर्ली पॉपी (पापावर ऱ्हिअस) आणि कॅलिफोर्निया पॉपी या शोभेच्या जाती वेगळ्या आहेत. त्या लावायला हरकत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी वाळूत मिसळून थेट वाफ्यात किंवा कुंडीत टाकावे. सोटमुळामुळे पुनर्लागण सोसत नाही, म्हणून रोपे उपटून लावू नयेत, विरळणी करावी. पाकीट घेताना शास्त्रीय नाव वाचा. "पिओनी पॉपी" किंवा "ब्रेडसीड पॉपी" या नावाने मिळते ती सोम्निफेरमच, म्हणजे अफूच. जातीचे नाव नसलेले मिश्र पाकीट घेऊ नका.

त्याच हंगामात काय पेरावे: ओवा

कमी पाणी, बारीक बी, मसाल्याचा भाव आणि कायद्याची कटकट नाही, असे पीक हवे असेल तर ओव्याचा विचार करा. खानदेशाला ते नवे नाही. नंदुरबारच्या बाजारात ओव्याची आवक होते. डुकरांचा त्रासही इतर पिकांपेक्षा कमी.

- जमीन: मध्यम ते भारी, निचऱ्याची. पाणी साचणारी जमीन टाळावी.
- पेरणीची वेळ: कोरडवाहूत भारी जमिनीत ऑगस्ट-सप्टेंबर, बागायतीत ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. उशीर झाल्यास दाणे भरताना फेब्रुवारी-मार्चचे ऊन गाठते.
- बियाणे: एकरी १ ते १.५ किलो. ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करून सावलीत सुकवावे.
- अंतर: रब्बीत दोन ओळींत ३० ते ४५ सें.मी., दोन रोपांत विरळणीनंतर १५ ते २० सें.मी.
- खोली: एक ते दीड सें.मी. याहून खोल नको. बी चाळलेल्या शेणखतात किंवा वाळूत मिसळावे, म्हणजे सगळीकडे सारखे पडते.
- पाणी: पेरणीनंतर लगेच हलके पाणी, वाफ्यात बी वाहणार नाही इतक्या संथ धारेने. भारी जमिनीत पापुद्रा धरल्यास चार ते सात दिवसांत पुन्हा हलके पाणी. उगवण एक ते दोन आठवड्यांत होते, त्याआधी शेत मोडू नका.
- निंदणी: सुरुवातीला वाढ फार सावकाश असते. पहिले ३० ते ४५ दिवस शेत तणमुक्त ठेवले नाही, तर पीक दबते.
- कीड-रोग: फुलोऱ्यात मावा आणि ढगाळ हवेत भुरी. भुरीची पांढरी बुकटी दिसताच पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी करावी.
- उत्पादन: बागायतीत चांगल्या व्यवस्थापनाने एकरी ३ ते ५ क्विंटल.

ओव्याचे भाव वर्षागणिक बरेच वरखाली होतात. पहिल्या वर्षी अर्धा-एक एकरच घ्या, पेरणीआधी बाजार समितीत चौकशी करा आणि उरलेल्या रानात हरभरा, कांदा हे नेहमीचे पीक ठेवा.

थोडक्यात

खसखस पेरण्याचे तंत्र सोपे आहे, हवामानही जमते, पण परवाना महाराष्ट्रात मिळतच नाही. चार पैशांसाठी दहा वर्षांची जोखीम घेण्यात शेतकऱ्याचा काहीही फायदा नाही. शेत दुसऱ्याच्या हाती असेल तर नजर ठेवा. काही संशयास्पद दिसल्यास स्वतः उपटून पुरावा नष्ट करू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. ती पोच पुढे तुमचे संरक्षण करते.