कामणदुर्गावरचा गाळ

दहावीची परीक्षा झाली आणि मे महिन्यात आपण कामणदुर्गावर टाक्यांतला गाळ उपसायला गेलो. अर्ध्या चढावरच बाटल्या रिकाम्या! १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, एवढं आपल्याला पाठ. पण त्या उन्हाळ्यात तटाखाली सुरुंग खणणाऱ्यांना पाणी कुठून मिळालं असेल, हा प्रश्न मला त्या चढावर पहिल्यांदा पडला. पुढे भोवळच आली. सरांनी आपली बाटली माझ्या तोंडाला लावली.

वर गुडघाभर गाळ काढल्यावर कातळात छिन्नीचे घाव दिसले. ती टाकी खोदणाऱ्यांची नावं आपल्या कुठल्याच धड्यात नव्हती. तळ काही लागला नाही.

सर, ती तुमची शेवटची बाटली होती, हे उतरताना कळलं. तेव्हा बोललो नाही.