दाभोळची शहजादी आणि विजापूरची बेगम

दाभोळ हे पायी बघायचं गाव आहे. दापोलीहून निघालेली एसटी उतार उतरत वाशिष्ठीच्या खाडीपाशी आणून सोडते, आणि पुढे वाहनाची गरजच उरत नाही. धक्का, बाजार, मशीद, नारळीतली घरं आणि वरच्या अंगाला गुहेतलं चंडिकादेवीचं मंदिर, सगळं चालण्याच्या अंतरात. समोरच्या तीरावर धोपावे. तिथून फेरीबोट माणसं आणि गाड्या घेऊन ये-जा करते. खाडीच्या मुखाशी, पलीकडच्या बाजूला, अंजनवेलचा गोपाळगड. नाताळच्या सुट्टीत मी एकटीच गेले आणि दोन दिवस हे गाव पायाखाली घातलं.

आज इथल्या धक्क्यावर उभं राहिलं तर मासळीच्या होड्या आणि फेरीची वाट बघणारी माणसं दिसतात. पण बहमनी काळात दख्खनचा माल याच बंदरातून बाहेर जायचा, आणि दख्खनला हवे असलेले घोडे इराण-अरबस्तानातून याच बंदरात उतरायचे. पुढे बहमनींचा वजीर झालेला महमूद गावान 1453 च्या सुमारास इथंच उतरला, तोही व्यापारी म्हणून. रशियन प्रवासी अफानासी निकितिन 1472 मध्ये परतीच्या जहाजात बसला तो दाभोळहून. आपल्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकात मुसलमान भेटतो तो बहुतेक वेळा घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला. दाभोळच्या इतिहासात तो जहाजातून घोडे उतरवणारा, मालाची जकात भरणारा, सुकाणू धरणारा आहे. कोकणी मुसलमानांची बरीचशी हकिगत या दुसऱ्या चित्रात आहे, आणि ती आपणच कमी सांगतो.

या भरभराटीवर पहिला मोठा घाव बसला तो समुद्राकडूनच. 1508 मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड घ्यायला निघालेल्या आल्मेदानं त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर दाभोळ जाळलं आणि गावात कत्तल केली. चौलच्या लढाईत दाभोळचा हात नव्हता. गाव विजापूरच्या आदिलशाहीचं होतं आणि वाटेत होतं. त्यानंतरही त्या शतकात पोर्तुगीजांनी या गावाला सुखानं बसू दिलं नाही.

बंदराजवळची शाही मशीद यानंतरची. काळा दगड, उंच जोतं, चार मिनार आणि विजापूरची आठवण करून देणारा मोठा घुमट. लोक तिला ‘माँसाहेबांची मशीद’ म्हणतात. कथा अशी सांगतात : विजापूरची शहजादी आयेशाबीबी हजला जायला मोठा लवाजमा घेऊन दाभोळला आली. समुद्रात चाचे होते, काळ धामधुमीचा होता. पुढे जाणं जमेना. तेव्हा मौलवींच्या सल्ल्यानं तिनं हजसाठी आणलेला पैसा या मशिदीवर खर्च केला. साल सांगतात 1659-60.

कथेतली भीती खोटी वाटत नाही. नोव्हेंबर 1659 मध्ये अफझलखान मारला गेला, मराठी फौजा कोकणात उतरल्या आणि खानाची जहाजं दाभोळहून राजापूरला हलवावी लागली. समुद्राची धास्ती तर त्याआधीची. पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, नसेल तर हाजींचं जहाजही सुरक्षित नसे. अकबराची आत्या गुलबदन बेगम 1575 मध्ये हजला निघाली, तेव्हा बादशहाच्या घरातल्या या बाईला परवान्यासाठी सुरतेत जवळपास वर्षभर ताटकळावं लागलं. तरी ती गेली. साडेतीन वर्षं अरबस्तानात राहिली, परतताना एडनजवळ जहाज फुटलं, आणि 1582 मध्ये घरी पोचली.

आता खुद्द विजापूरचं बघा. मुहम्मद आदिलशहाची बेगम बडी साहिबा, म्हणजे गोवळकोंड्याची लेक खदीजा सुलताना, 1660 नंतरच्या त्याच धामधुमीच्या वर्षांत हजला गेली. कोकणातल्याच वेंगुर्ल्याहून, डचांच्या जहाजातून. दाभोळची शहजादी आपल्याला लोककथेत भेटते, बडी साहिबा इतिहासात भेटते. एक किनाऱ्यावर थांबली, दुसरीनं दुसरं बंदर आणि दुसरं जहाज शोधलं. कोकणात फिरताना पहिलीची गोष्ट मला कितीतरी तोंडांनी ऐकायला मिळाली. दुसरीचं नाव एकानंही घेतलं नाही.

याचं कारण मला दिसतं ते असं. थांबलेल्या बाईनं मशीद ठेवली. ती डोळ्यांसमोर आहे, तिथं आजही नमाज होते. गेलेल्या बाईनं किनाऱ्यावर काहीच ठेवलं नाही. शिवाय त्याग करून मागे राहिलेली बाई सांगायला सोपी जाते. वर्गात मुलींना दाभोळची कथा सांगितली की त्या हळहळतात. बडी साहिबाचं सांगितलं की प्रश्न विचारतात : कोण होतं सोबत? किती दिवस लागले? भीती नाही वाटली?

हेच प्रश्न मला दाभोळात विचारले गेले. मशिदीबाहेर बसलेल्या एका चाचांनी विचारलं, “एकटीच आलीस, बाय?” हो म्हटल्यावर म्हणाले, “मग पाणी पिऊन जा.” पाणी देताना त्यांनी घुमट दाखवला, शहजादीची कथा पुन्हा एकदा सांगितली. मी त्यांना वेंगुर्ल्याच्या जहाजाचं सांगितलं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं.

2018 पासून भारतातून पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायका महरमशिवाय, गटानं हजला जाऊ लागल्या. तेव्हा आपल्या घराघरांत वाद झाले, आणि जणू मुसलमान बाईचा लांबचा प्रवास ही आजकालची टूम आहे असं बोललं गेलं. गुलबदनचा काफिला मुख्यतः बायकांचाच होता, आणि तिला निरोप देणारा बादशहा तिचा भाचा होता. प्रवासाच्या अटींवर फिक्हचा वाद आलिमांनी जरूर करावा. इतिहासाला मात्र साक्ष देऊ द्यावी.

दाभोळला जाल तर फेरीबोटीच्या घाईत मशीद चुकवू नका. आणि मुली सोबत असतील तर त्यांना दोघींचीही गोष्ट सांगा.