उर्दू, मराठी, इतिहासात पीएच.डी. करायचीय? फेलोशिप कुठं शोधायची, अर्ज कसा करायचा

मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप २०२२-२३ पासून बंद केल्याचं केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं. ही योजना इतर योजनांसारखीच आहे आणि त्या योजनांत अल्पसंख्याक विद्यार्थीही बसतात, असं कारण देण्यात आलं. त्या दिवसापासून अनेक घरांत एकच समज पक्का झाला आहे, की आता आपल्या मुलांसाठी काही उरलं नाही.

याची सर्वात जास्त झळ कला शाखेला बसते. इंजिनिअरिंगचा मुलगा बँकेचं कर्ज काढतो आणि नोकरी लागली की फेडतो. उर्दू, अरबी, इतिहास किंवा समाजशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्याला ही सोय नाही. चार-पाच वर्षं हातात पैसा आला नाही, तर तो शिकवण्या घेतो, मग एखाद्या शाळेत तासिका तत्त्वावर लागतो आणि प्रबंध कपाटात पडून राहतो. मुलगी असेल तर बहुतेक घरांत तिचंच शिक्षण आधी थांबतं.

म्हणून सरकारच्या त्या उत्तराचा आपण फायदा घ्यायला हवा. योजनेच्या नावात 'अल्पसंख्याक' हा शब्द शोधत बसू नका. परीक्षा, जातीचा दाखला आणि संशोधनाचा विषय अशा तीन वाटा आहेत. प्रत्येकाला यातली निदान एक तरी खुली असते.

पहिली वाट: नेट-जेआरएफ

यूजीसीची नेट परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रात होते. मराठी, उर्दू, अरबी, फारसी, इतिहास, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान हे सगळे विषय तिच्यात आहेत. 'अरब संस्कृती आणि इस्लामी अभ्यास' असाही एक स्वतंत्र विषय आहे, पण तो आपल्याच अनेक मुलांना ठाऊक नसतो.

एम.ए.ला खुल्या आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गासाठी ५५ टक्के गुण लागतात, ओबीसी नॉन-क्रीमी लेअरसाठी ५० टक्के. जेआरएफसाठी वयाची मर्यादा ३० वर्षं आहे. महिलांना आणि ओबीसींना ५ वर्षांची सवलत मिळते, म्हणजे लग्नानंतर खंड पडलेली मुलगीही ३५ पर्यंत बसू शकते. निवड झाली की सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे सीनियर झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. जेआरएफचं पत्र हातात आलं म्हणजे लगेच पैसे सुरू होत नाहीत. त्या पत्राची मुदत तीन वर्षांची असते आणि तेवढ्यात पीएच.डी.ला प्रवेश मिळवावा लागतो. म्हणून अभ्यास चालू असतानाच मार्गदर्शक शोधायला लागा.

घरात एकुलती एक मुलगी असेल, तर यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप जरूर पाहा. भावंडं नसलेल्या, पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्या मुलींसाठी ती आहे.

दुसरी वाट: जातीचा दाखला

'मुसलमानांना आरक्षण नाही' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय, की हक्काचा दाखलाही काढत नाही. महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत मोमीन, जुलाहा, बागवान, पिंजारी, तांबोळी, अत्तार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या आहेत. छप्परबंद विमुक्त जातींत येतात. नागपूरच्या 'महाज्योती' संस्थेची महात्मा ज्योतिबा फुले संशोधन फेलोशिप ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी आहे. धर्म कोणताही असो, जात यादीत असली की अर्ज करता येतो. केंद्राची ओबीसींसाठीची नॅशनल फेलोशिपही आहे, तिची निवड नेटच्या गुणांवर होते.

अडचण येते ती कागदांची. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात बऱ्याचदा नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. तेव्हा हातपाय गाळू नका. आजोबांचे भाऊ, चुलत नातेवाईक यांचे शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुनी खरेदीखतं पाहा. घरातल्या कुणाला पूर्वी जात वैधता प्रमाणपत्र मिळालं असेल, तर तो सर्वात भक्कम आधार. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो आणि वैधता जिल्हा जात पडताळणी समितीकडून. याला महिने लागतात, त्यामुळे जाहिरात निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. बी.ए.च्या वर्षातच हे काम उरकून घ्या.

नॉन-क्रीमी लेअरची मर्यादा ८ लाख रुपये आहे. राज्याचा आणि केंद्राचा नमुना वेगळा असतो, याद्याही वेगळ्या असतात. नेटसाठी केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ज्यांची जात ओबीसीत नाही, त्यांनी उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असल्यास ईडब्ल्यूएस दाखला काढावा. नेटमध्ये त्या प्रवर्गाला १० टक्के आरक्षण आहे.

राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन आणि प्रशिक्षण संस्था उभारायला २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तिच्या जाहिरातींवरही नजर ठेवा.

तिसरी वाट: विषय

इथे आपल्या मुलांची बाजू खरं तर भक्कम आहे. घरात दखनी किंवा उर्दू, शाळेत मराठी, मदरशात थोडीफार अरबी, एवढ्या भाषा कानावर असलेला संशोधक सहज मिळत नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा 'योगसंग्राम', शाहीर अमर शेख, कोकणी मुसलमानांची बोली, मालेगावचे मुशायरे, दर्ग्यांच्या इनामांची फारसी आणि मोडी कागदपत्रं, हे सगळं आपल्या अंगणातलं साहित्य आहे. त्यावर काम करायला पैसे देणाऱ्या संस्थाही आहेत.

समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विषयांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर. तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात आहे. इतिहासासाठी आयसीएचआर आणि तत्त्वज्ञानासाठी आयसीपीआर. या तिन्ही परिषदा पीएच.डी.साठी फेलोशिप देतात.

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या ज्युनिअर आणि सीनियर फेलोशिपसाठी विद्यापीठात पीएच.डी.ला नाव नोंदवलेलं असण्याची गरज नाही. २५ ते ४० वयाच्यांना दरमहा १०,००० आणि ४० च्या पुढच्यांना २०,००० रुपये, दोन वर्षं मिळतात. साहित्य, संगीत, लोककला, चित्रकला असे विषय चालतात. १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांना दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. अनुभवी संशोधकांसाठी टागोर नॅशनल फेलोशिप. तिच्यातून पाटण्याची खुदाबक्ष लायब्ररी किंवा रामपूरची रझा लायब्ररी अशा संस्थांतल्या हस्तलिखितांवर काम करता येतं.

बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही खासगी संस्था कलांवरच्या संशोधनाला अनुदान देते आणि कोणत्याही भारतीय भाषेतला प्रस्ताव घेते. म्हणजे इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे राहायचं कारण नाही, मराठीत किंवा उर्दूत लिहा. पुस्तक छापायचं असेल तर उर्दूसाठी दिल्लीची राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद आणि महाराष्ट्र राज्य उर्दू साहित्य अकादमी आहे. मराठीत पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा.

परदेशात जायचं असेल तर

भारतात पीएच.डी. चालू असेल, तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल फेलोशिपवर अमेरिकेत ६ ते ९ महिने संशोधन करता येतं. कला, वारसा आणि मानव्यविद्या या क्षेत्रांतल्या लोकांना चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट ब्रिटनमध्ये अभ्यासासाठी मदत करतो. तिथल्या ग्रंथालयांत आपल्याकडची अनेक हस्तलिखितं आहेत. अमेरिकेतली बरीच मोठी विद्यापीठं पीएच.डी.ला प्रवेश देतानाच फी माफ करतात आणि जगण्यापुरते पैसे देतात. त्यांचे अर्ज साधारण डिसेंबरपर्यंत भरायचे असतात. अर्जाची फी परवडत नसेल तर माफीसाठी विद्यापीठाला लिहा, मागण्यात लाज नाही.

१८९२ मध्ये सुरू झालेली जे. एन. टाटा एंडोमेंट कला शाखेलाही मदत करते, पण ते कर्ज आहे, वजीफा नव्हे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक योजनाही कर्जाचीच. व्याजाबाबत ज्या घरांना अडचण वाटते, त्यांनी सही करण्याआधी अटी नीट वाचाव्यात.

अर्ज कुठं अडतो

आमच्या पाहण्यात अर्ज बहुधा हुशारी कमी म्हणून मागे पडत नाहीत, तर प्रस्ताव सैल असतो म्हणून पडतात. 'मुस्लिम समाजाच्या समस्या' हा विषय नाही, ते नुसतं शीर्षक झालं. 'सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांच्या घरातल्या मुलींचं दहावीनंतरचं शिक्षण' हा विषय आहे. प्रस्तावात चार गोष्टी स्पष्ट लिहा: तुम्हाला नेमका कोणता प्रश्न पडलाय, यावर आधी कुणी काय लिहिलंय, तुम्ही कुठली कागदपत्रं पाहणार किंवा कुणाशी बोलणार, आणि कोणत्या महिन्यात काय करणार. मुसलमान मराठी संतकवींवर रा. चिं. ढेरे यांनी पुस्तक लिहिलंय. त्या विषयावर अर्ज करताना त्याचा उल्लेखच नसेल, तर परीक्षक पुढचं पान उलटत नाही.

प्रस्ताव मार्गदर्शकाशिवाय दुसऱ्या विषयाच्या एखाद्या शिक्षकालाही वाचायला द्या. त्यांना कळला तर समितीला कळेल. शिफारसपत्र किमान तीन आठवडे आधी मागा. आधार, दहावीची सनद, बँक खातं आणि जातीचा दाखला यांवर नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. शेख, शैख, मोहम्मद, मुहंमद यातल्या फरकाने पैसे अडकतात. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद जोडा. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत, पण अर्ज मात्र दोन-तीन ठिकाणी करता येतो आणि करावाच. फेलोशिप मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलीने एम.ए.नंतर 'अजून शिकायचंय' म्हटलं, तर खर्चाचा आकडा मनात येण्याआधी तिच्याबरोबर एकदा सेतू केंद्रात जा. जुन्या ट्रंकेतला आजोबांचा शाळेचा दाखला शोधून द्या. फेलोशिप तिची ती मिळवेल. तो कागद मात्र तिला घरातूनच मिळायला हवा.