ग्वाई हानास
ग्वाई हानास : कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील हैडा ग्वाई द्वीपसमूहाचा दक्षिण भाग व त्याभोवतीचा संरक्षित सागरी प्रदेश. भूक्षेत्र सु. १,४७० चौ. किमी.; सागरी क्षेत्र सु. ३,४०० चौ. किमी. कॅनडा शासन व तेथील मूळ रहिवासी हैडा हे दोघे मिळून त्याचा कारभार पाहतात. हैडा भाषेत या नावाचा अर्थ ‘सुंदर बेटे’ असा आहे.

हैडांची वस्ती येथे हजारो वर्षांपासून आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून परदेशी व्यापाऱ्यांच्या कातड्यांच्या व्यापारासाठी समुद्री पाणमांजरांची इतकी शिकार झाली, की ती या किनाऱ्यावरून नाहीशी झाली. परिणामी त्यांचे भक्ष्य असलेले सागरी अर्चिन वाढून केल्प शैवलांची वने उजाड झाली. १८६२ च्या देवीच्या साथीत बहुसंख्य हैडा मृत्युमुखी पडले व दक्षिणेकडील गावे ओस पडली. त्यांपैकी स्गँग ग्वाय येथील कोरीव स्तंभांचा १९८१ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

जुन्या अरण्यांच्या तोडीविरुद्ध हैडांनी १९८५ मध्ये हा प्रदेश आपले वारसास्थळ म्हणून घोषित केला आणि लायल बेटावर वाट अडविली; ७२ जणांना अटक झाली. १९८७ मध्ये तोड थांबली. १९९३ चा करार मात्र वेगळ्याच धाटणीचा आहे. प्रदेशाच्या मालकीविषयीची उभयपक्षांची परस्परविरोधी मते त्यात शेजारी-शेजारी नमूद केली असून वाद न मिटविताच संयुक्त कारभार सुरू झाला. कराराचे खरे बळ या मोकळेपणातच आहे. समसमान प्रतिनिधींचे मंडळ एकमताने निर्णय घेते. एकमत न झाल्यास प्रश्न स्थगित ठेवून दोन्ही शासनांकडे सोपविला जातो.

२०१० च्या कराराने हीच पद्धती समुद्रास लागू झाली व पर्वतशिखरांपासून सागरतळापर्यंतचा प्रदेश संरक्षणाखाली आला. २०१८ च्या आराखड्यात सागरी क्षेत्राचा सु. ४०% भाग कडक संरक्षणाखाली असून अन्यत्र व्यापारी मासेमारी चालू राहिली. मासेमारीचे परवाने केंद्रीय मंत्र्याच्याच हाती राहिल्याने समानतेची कसोटी येथेच लागते. हेरिंग माशांचे साठे घटले असतानाही मंत्र्याने व्यापारी मासेमारी खुली केली, तेव्हा २०१५ मध्ये हैडांनी संघीय न्यायालयाकडून तीस मनाई मिळविली. केल्पवर घातलेली हेरिंगची अंडी हे त्यांचे परंपरागत अन्न होय. २०१८ पासून मर्चिसन बेटाजवळ अर्चिन काढून केल्पवने पुन्हा वाढविण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. काढलेल्या अर्चिनांपैकी काही हैडा गावांत खाण्यासाठी वाटण्यात आले.