सीमाभागातील परीक्षांची नावे

शैक्षणिक पात्रतेचे नाव एका भाषेतून दुसरीत नेताना शब्दकोश पुरत नाही. त्या नावामागचा इतिहास ठाऊक असावा लागतो. बेळगाव-निपाणी भागात आम्हांस हे वारंवार प्रत्ययास येते.

मुंबई इलाख्याच्या काळी येथील मुले व्हर्नाक्युलर फायनल व मॅट्रिक या परीक्षांस बसत. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठाची असल्याने बेळगावचा मॅट्रिक व पुण्याचा मॅट्रिक यांत भेद नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि पुढे वाटा वेगळ्या झाल्या. आज कोल्हापूरचा मुलगा एस.एस.सी. होतो, निपाणीचा मुलगा मराठी माध्यमातच शिकून एस.एस.एल.सी. होतो. शिवाय १९७५ पूर्वी महाराष्ट्रातील एस.एस.सी. अकरावीअखेर होत असे. नाव तेच, पण शाळेची वर्षे निराळी.

संस्कृतातून आलेले शब्द तर अधिकच फसवे. कानडी फलकावरील ‘प्रौढशाले’ ही माध्यमिक शाळा होय. मराठी वाचकास मात्र तो प्रौढ साक्षरतेचा वर्ग वाटेल. कानडीतील ‘पदविपूर्व’ म्हणजे आपली अकरावी-बारावी.

ही अडचण केवळ आपल्या सीमेवरची नव्हे. हॉलंडमध्ये ‘डॉक्टोरांडस’ नावाची पदवी होती. तिचा लॅटिन अर्थ ‘ज्याला डॉक्टर व्हावयाचे आहे तो’. इंग्रजीत तिला ‘डॉक्टर’ म्हटले तर न मिळविलेला मान पदरी पडतो. ‘डॉक्टरेटचा विद्यार्थी’ म्हटले तर पुरे केलेले शिक्षण हिरावले जाते. वस्तुतः ती एम.ए.च्या तोडीची होती. २००२ साली तेथे बॅचलर-मास्टर पद्धती आल्यावर ती मागे पडली. तथापि जुन्या पदवीधरांच्या नावामागे ती अद्याप आढळते.

मंडळीतील तरुणांस शिफारसपत्रे लिहून देण्याचे काम आपणा पाळक-उपदेशकांकडे येते. चुकीच्या एका शब्दाने एखाद्याचा प्रवेश अडतो, वा एखाद्यास नसलेली पात्रता चिकटते. म्हणून मूळ नाव जसेच्या तसे लिहावे. त्यापुढे परीक्षा घेणारे मंडळ, इयत्ता, माध्यम व वर्ष नोंदवावे. ‘समकक्ष’ हा शब्द मात्र आपण लिहू नये. तो निर्णय प्रवेश देणाऱ्या संस्थेचा आहे. आपल्या सहीखाली जे लिहिले जाते ती साक्ष असते, आणि साक्षीने प्रेमापोटीही कोणास एक इयत्ता वर चढवू नये.